मन्याला एको दिला

फोटो आपोआप बिघडायचा असेल तर त्याला काहीही लागत नाही. कॉपी होत असताना मेमरी कार्ड ओढून काढा, निम्मं लग्न हिरवं-जांभळं होतं. पण तोच फोटो मुद्दाम आणि देखणा बिघडवायचा म्हटला की नाकी नऊ येतात.

माझ्या भाच्याच्या, म्हणजे मन्याच्या, कॉलेजातल्या बँडला पोस्टर हवं होतं. "मामा, तू कॉम्प्युटरवालाच आहेस ना," म्हणून काम माझ्याकडे आलं. मी अकाउंट्समध्ये आहे. पण समोर कॉम्प्युटर असतो, हे नाकारता येत नाही.

त्याला ग्लिच हवा होता: चेहरा मधूनच सरकलेला, लाल रंग एकीकडे, निळा भलतीकडे. यासाठी ढीगभर ॲप्स आहेत, बोट लावलं की फोटो फाटतो. पण ते मन्याला फेक वाटतं. "खरा बिघाड पाहिजे, मामा." घरातल्या खऱ्या बिघाडांची यादी मी त्याला देऊ केली, पण गीझरमध्ये त्याला रस नव्हता.

खऱ्या बिघाडाला डेटाबेंडिंग म्हणतात. फोटोची जेपेग फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडायची. तिथे मन्या दिसत नाही, नुसते आकड्या-अक्षरांचे रकाने दिसतात. मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं. फाइल एफएफ डी८ ने सुरू होते, एफएफ डी९ ने संपते. सुरुवातीच्या हेडरला, म्हणजे फाइलची ओळख सांगणाऱ्या भागाला, धक्का लावला तर फोटो बिघडत नाही, उघडतच नाही. म्हणून पुढे कुठेतरी एखादा आकडा बदलायचा. आणि इथे खरी गंमत आहे. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि चौकोनाची सरासरी छटा सबंध न लिहिता 'आधीच्यापेक्षा इतकी कमी-जास्त' एवढंच नोंदवते. थोडक्यात, शिल्लक पुढे ओढते. एक नोंद चुकली की पुढचा सगळा ताळेबंद चुकतो. मी मन्याच्या भुवईला हात घातला आणि नाकापासून बुटांपर्यंत मन्या जांभळा झाला. नोकरीत हे झालं असतं तर मेमो मिळाला असता. मन्या म्हणाला, "भारी! पण अजून."

मग ऑडॅसिटी. हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर, पण त्याला फोटो दिला तरी ते तक्रार करत नाही. फोटो बीएमपी या दुसऱ्या फाइल प्रकारात बदलायचा, कारण त्यात सहसा कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, नसतं. 'रॉ डेटा' म्हणून आत घ्यायचा, एन्कोडिंग यू-लॉ (आवाज साठवण्याची एक पद्धत) ठेवायचं, सुरुवातीचा हेडरचा तुकडा सोडायचा आणि उरलेल्या मन्याला एको, म्हणजे प्रतिध्वनी, द्यायचा. मी तो वाजवूनही पाहिला.

"मिक्सर कुणाचा बिघडला रे?" आईनं आतून विचारलं.

"मिक्सर नाही, मन्या आहे."

"त्याला म्हणावं, आधी जेवून घे."

बीएमपी फोटोच्या ओळी सहसा खालून वर लिहिते, त्यामुळे प्रतिध्वनीही वरच चढतो. जांभळ्या मन्याच्या डोक्यावर दुसरा मन्या, त्याच्यावर तिसरा, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा फिकट.

पिक्सेल सॉर्टिंगही झालं. किम आसेंडॉर्फ या जर्मन कलाकारानं २०१० च्या सुमारास हा प्रकार गाजवला आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला करून दिला. ओळीतले पिक्सेल उजेडाप्रमाणे क्रमाने लावायचे की केसांतून रंगांचे ओघळ सुटतात. रकाने क्रमाने लावण्यात माझी हयात गेली, पण नीट लावल्यावर पसारा होतो हे पहिल्यांदाच पाहिलं. मला ते फार आवडलं, हे ऑफिसात कुणाला सांगू नका.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी विचारलं, "नेट स्लो आहे का?" मामींनी फोन रीस्टार्ट करून पुन्हा पाहिला आणि तसं कळवलंही. ताईनं थेट फोन केला, "माझ्या लेकराचं तोंड असं का केलंस?" लेकरू तेव्हा शेजारी बसून 'अजून थोडं फाड ना' म्हणत होतं.

अखेर फाइल पेठेतल्या प्रिंटवाल्याकडे पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, तुमची फाइल पार करप्ट होती. पोरगा दुपारभर बसला होता. पट्टे काढले, जांभळा रंग काढला, मागे निळं बॅकग्राउंड टाकलं. वरची दोन मुलं फारच पुसट होती, ती उडवली. खालचा ठेवलाय. चालेल ना? का त्या दोघांचे वेगळे फोटो पाठवताय?"