चिठ्ठीवरचा ‘आरएक्स’ होरसचा डोळा नव्हे

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा ‘आरएक्स’ म्हणजे इजिप्तच्या होरस देवाचा डोळा. त्याच्या पायावरची फुली म्हणजे गुरू ग्रहाची खूण. आणि ‘एसओएस’ लिहिलेली गोळी जिवावर बेतलं तरच घ्यायची.

मुळात तिथे ‘एक्स’ हे अक्षरच नाही. आर काढून त्याच्या तिरक्या पायावर एक रेघ मारली की झालं चिन्ह. ही रेघ मध्ययुगीन लॅटिन नकलनविसांची: शब्द इथे तोडलाय, एवढंच ती सांगते. चर्चच्या प्रार्थनापुस्तकांतही असाच रेघ मारलेला आर असतो, समूहाने द्यायच्या प्रतिसादासाठी. तिथे ना औषध, ना डोळा. चिठ्ठीतला शब्द आहे लॅटिन ‘रेसिपे’, आज्ञार्थी एकवचन: ‘घे’. जर्मनीत आणि रशियात त्याच जागी ‘आरपी’ येतं. चित्र डोळ्याचं असतं तर हा पी कुठून आला?

हे ‘घे’ रुग्णाला नाही, औषध बनवणाऱ्याला आहे. म्हणून जुन्या चिठ्ठीत पुढचा घटक षष्ठीत यायचा: ‘अक्वे उन्सियास दुआस’, पाण्याचे दोन औंस. शेवटी ‘मिस्के’, मिसळ. स्वयंपाकाची रेसिपी हाच शब्द. इंग्रजीत तो आधी औषधाचा होता, चुलीपाशी नंतर पोचला.

गुरूची खूण दिसते सारखी, कबूल. पण तीही गुरू ग्रहाचा ग्रीक देव झ्यूस याच्या नावातल्या ‘झीटा’ या ग्रीक अक्षरावर संक्षेपाची रेघ मारून झालेली. साम्य रेघेचं आहे, नात्याचं नाही.

तिसरा दावा मात्र अंगाशी येणारा. चिठ्ठीतलं एसओएस म्हणजे ‘सी ओपस सित’, गरज पडल्यास. संकटातल्या जहाजांचा एसओएस वेगळा. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तो ठरला, कारण मोर्सच्या तारभाषेत तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ओळखायला सोपी. दोन्हींची गल्लत झाली की कुणी ताप असूनही जिवावर बेतेपर्यंत गोळी टाळतो. उलट नुसतं ‘गरज पडल्यास’ वाचणारा दर दोन तासांनी घेतो. म्हणून त्यापुढे कशासाठी, किती अंतराने आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे हवंच: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, ताप असेल तर, किमान ६ तासांनी, २४ तासांत ४ गोळ्यांपर्यंत.

चिठ्ठीत डोळा शोधायचाच तर तो ‘ओडी’त आहे. गोळीपुढे ते ‘ऑम्नी दिए’, रोज एकदा. थेंबांपुढे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा. थेंबांपुढे नुसतंच ‘ओडी’ दिसलं, तर केमिस्टने अंदाज न बांधता डॉक्टरला फोन लावावा.