उजव्या कौलासाठी काही सूचना

सून गरोदर असेल आणि नातवाची वाट पाहणे आपल्याला आता सोसवत नसेल, तर सर्वप्रथम ग्रामदेवतेला कौल लावावा. पाषाणाला चिकटवलेली कळी उजवीकडून सुटली की झील, म्हणजे मुलगा, होणार असे समजून गुरवाच्या हाती नारळ ठेवता येतो आणि पुढे कौल खोटा ठरला, तरी देवावर फिर्याद करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. सोनोग्राफीचे मात्र तसे नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, म्हणजे 1988 साली, कायदा करण्याची घाई महाराष्ट्राला झाली. केंद्राचा कायदा 1994 साली आला आणि त्यानुसार गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई असल्यामुळे डॉक्टरांनी तपासणीनंतर नुसते पेढ्यांचे नाव काढले, तरी तो गुन्हाच ठरतो. त्यातही अन्याय असा की, पहिल्या गुन्ह्यासाठी डॉक्टरांना 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तर तपासणीचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना 50,000 रुपयांपर्यंत. तीन वर्षांपर्यंतची कैद दोघांनाही सारखीच. शिवाय गरोदर स्त्रीवर नवऱ्याने आणि नातलगांनी सक्ती केली, असेच कायदा आधी गृहीत धरतो. त्यामुळे ‘सुनेनेच हट्ट धरला होता’ हे आपले ठेवणीतले वाक्य पुराव्यावाचून तेथे टिकत नाही.

पण पुरावा मिळवणे अवघड नाही. बायकांचे मत अवश्य विचारावे. फक्त ते माजघरात, सासू समोर बसलेली असताना विचारावे. सून मान वर न करता सांगेल, “चेडू नको असा नाय, पण एक झील होयोच.” हे वाक्य जपून ठेवावे आणि गावच्या बैठकीत कोणी विषय काढलाच, तर मुलगे बायकांनाच हवे असतात, पुरुष बिचारे त्यांच्या इच्छेपुढे हतबल असतात, असे सांगताना वापरावे.

तिला पुढचा प्रश्न मात्र विचारू नये. विशेषतः आषाढात, गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावताना, आजूबाजूला घरचे कोणी नसेल, तेव्हा तर मुळीच नाही. अशा वेळी ती मुठीतली रोपे सोडवता सोडवता नको ते बोलून जाते. दोन मुलींवर थांबलेल्या जावेला नवरा गेल्यावर दिरांनी कोणती खोली दिली आणि चूल कुठे मांडायला लावली, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला किती माणसे जेवली आणि धाकट्या जावेच्या मुलाच्या बारशाला किती, याचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. झील झाला की या घरातून आपल्याला कोणी हलवू शकणार नाही, एवढाच त्या ‘होयोच’चा अर्थ असल्याचा संशय ऐकणाऱ्याला येऊ लागतो आणि मग बैठकीतले आपले भाषण बिघडते.

मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, ही माहिती उपकेंद्राच्या भिंतीवरच शोभते. ती घरी आणू नये.

बाहेरच्या पाहुण्यांसमोर आकडे मात्र खुशाल फेकावेत. 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 स्त्रिया होत्या. कोकणात मुलींना केवढा मान आहे, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता? कमी दिसणारे पुरुष मुंबईला चाकरीत आहेत, हे पाहुण्यांना सांगण्याचे कारण नाही. कोणी सहा वर्षांखालील मुलांचा आकडा काढलाच, तर चहा मागवावा. एवढ्या वयाची मुले चाकरीला जात नाहीत, त्यामुळे तेथे सबब चालत नाही आणि 2001 पेक्षा 2011 मध्ये या दोन्ही जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण घसरलेलेच दिसते. राज्याचे तर ते 913 वरून 894 वर आले.

यथावकाश झील होईल, वाढेल आणि दहावी-बारावीनंतर मुंबईला जाईल. तो गणपतीला येईल, आरती खणखणीत म्हणेल आणि परतीच्या गाडीत बसेल. वंश पुढे चालला याचे समाधान आपल्याला वर्षभर पुरवून वापरावे लागेल. मधल्या काळात आपल्यासाठी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन एसटीने येणारी, कौले शाकारायला माणूस मिळवून देणारी आणि रुग्णालयात रात्रभर उशाशी बसणारी मुलगी शेजारच्या गावात दिलेली असते. तिच्या या येण्याजाण्याला माया म्हणावे. माया म्हटले की वाटा द्यावा लागत नाही.

वाट्याचा विषय नाजूक असल्याने तो वेळीच मिटवावा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला असला, तरी हक्कसोडपत्राची सोय सुदैवाने शिल्लक आहे. गौरी-गणपतीला ती माहेरी येतेच. माहेरवाशीण गौरीची पूजा, ओवसा, सुपे, सारे यथासांग होऊ द्यावे, तिला साडी नेसवावी आणि नंतर दुय्यम निबंधकाचे कार्यालय उघडेल त्या दिवशी रिक्षा सांगून ठेवावी. सही करताना ती अडखळली, तर भावांशी वाकडे घेऊन माहेर तुटते, हे आईकडूनच सांगवावे. पुढे सातबाऱ्यावर मुंबईच्या मुलांचीच नावे राहिली की यंदा कलमांना खत कोणाकडून घालून घ्यावे, हे तिलाच फोन करून विचारावे.