पेटीवर नाव कोणाचे?

मी जर्मनीत राहते. गेले काही दिवस मायदेशातल्या माझ्या नातेवाइकांत आणि जुन्या मित्रमंडळींत एक वाद पेटला आहे. लुडो, सापशिडी, बुद्धिबळ हे सगळे मुळात आपले खेळ. पाश्चात्त्यांनी ते उचलले, त्यांवर पैसा कमावला आणि आपले नावही घेतले नाही, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. दुसरा पक्ष या अभिमानाची टिंगल करण्यात दंग आहे. मला राग दोघांचाही येतो, कारण याच मंडळींपैकी एकाच्या मुलाने नोकरी सोडून बोर्ड गेम रचण्याचे काम करायचे आहे असे घरी सांगितले, तेव्हा दोन्ही पक्षांचे एका क्षणात एकमत झाले: हा काय पोटापाण्याचा उद्योग आहे? शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम रचनाकाराविषयी ज्यांना इतका कळवळा आहे, त्यांना समोर उभा असलेला रचनाकार दिसू नये, याचे मला दुःख होते.

पच्चीसी आपलीच आहे, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. फत्तेपूर सीक्रीच्या अंगणात तिचा फरसबंद पट आजही दाखवला जातो, आणि तिच्यावर बेतलेल्या लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले. सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. मात्र ज्ञानचौपडाचे, म्हणजे सापशिडीच्याच जुन्या रूपाचे, आज उपलब्ध असलेले पट ज्ञानेश्वरांनंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. आजच्या रचनाकाराने असा खेळ आणला, तर कोणताही प्रकाशक तो परत पाठवील. परंतु ज्याने सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावे दिली, त्याला नेमके हेच हवे होते: माणूस कितीही चढला तरी घसरू शकतो, हे त्याला पटावर अनुभवायला द्यायचे होते. कोणीतरी विचारपूर्वक केलेली ती रचना आहे. अभिमान बाळगायचा असेल, तर तो त्या कारागिरीचा बाळगावा. आमच्या वादात तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

चोरीच्या आरोपाबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. खेळाची मूळ कल्पना, म्हणजे फासे टाकून सोंगटी पुढे नेणे किंवा पत्त्यांच्या बदल्यात माल घेणे, ही कॉपीराइटच्या कक्षेत येत नाही. संरक्षण मिळते ते नियमांच्या मजकुराला आणि चित्रांना. ही अडचण जगभरच्या रचनाकारांची आहे. शिवाय पाश्चात्त्यांनी स्वतःच्याच माणसांवरही अन्याय केलेला आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट मिळवले. पुढे १९३५ साली त्यांचे हक्क पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने ५०० डॉलरना, कोणतीही रॉयल्टी न देता विकत घेतले, आणि त्यावरूनच निघालेल्या मोनोपॉलीचा जनक म्हणून कित्येक दशके चार्ल्स डॅरो यांचे नाव मिरवले गेले.

फरक पडला तो रचनाकारांनी त्यानंतर काय केले यात. १९८८ साली जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या खेळणी प्रदर्शनात तेरा रचनाकार एकत्र बसले आणि ज्या प्रकाशकाला पेटीवर आपले नाव छापायचे नसेल त्याला आपण खेळ द्यायचा नाही, असे त्यांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून त्याखाली सह्या केल्या. १९९१ साली रचनाकारांची संघटनाही उभी राहिली. आज जर्मनीतल्या एसेन शहरातल्या खेळांच्या मेळ्यात लोक रचनाकाराचे नाव घेऊन ‘क्निझियाचा नवा खेळ कुठे मिळेल?’ असे विचारतात, तेव्हा त्यात कोणालाच काही विशेष वाटत नाही. शहर ग्रंथालयातून घरी आणलेल्या खेळाच्या पेटीवरही माझी मुलगी आधी रचनाकाराचे नाव वाचते.

आता कोणी म्हणेल की परदेशात बसून असे बोलणे सोपे असते. मान्य, पण इथेही या कामावर घर चालवणारे थोडेच आहेत. रॉयल्टी सहसा पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास असते आणि तीही प्रकाशकाला घाऊक विक्रीतून मिळालेल्या रकमेवर, दुकानातल्या किमतीवर नव्हे. जर्मन रचनाकार क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवण्याची प्रयोगशाळा चालवत असत. १९८८, १९९० आणि १९९१ असा तीनदा जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळूनही त्यांनी ती सोडली नव्हती. १९९५ साली त्यांचा ‘कातान’ हा खेळ आल्यानंतरही ती काही वर्षे चालूच होती. राइनर क्निझिया गणितातले डॉक्टर. बँकेतली नोकरी सोडून १९९७ पासून त्यांनी पूर्णवेळ हेच काम केले आणि त्यांचे सहाशेहून अधिक खेळ प्रसिद्ध झाले आहेत. त्या मुलाच्या वडिलांना मी टॉयबर यांची हकिकत लिहून पाठवली. तिचे उत्तर आले नाही. त्याऐवजी चतुरंगाविषयी, म्हणजे बुद्धिबळाच्या प्राचीन रूपाविषयी, एक लांबलचक मजकूर आला.

मी स्वतः नोकरी सांभाळून खेळ रचते. फायरआबेंडनंतर, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर, आमच्या फेराइनच्या (मंडळाच्या) खोलीत पुठ्ठा, कात्री आणि दुसऱ्या खेळांतून काढून घेतलेल्या सोंगट्या घेऊन बसते. सर्वांत कठीण चाचणी असते ती अनोळखी चौघांसमोर नियमपुस्तिका ठेवून आपण एक शब्दही न बोलण्याची. कोणता नियम ते उलटा समजतात, पहिली पाळी असणारा जास्त वेळा जिंकतो का, अर्ध्या वाटेवरच एखाद्याला आपण हरलो हे कळून त्याचा रस संपतो का, हे सारे निमूटपणे टिपून घ्यायचे असते. ‘कातान’मध्ये दुसऱ्याच्या फाशांवरही आपल्याला माल मिळू शकतो, म्हणून कोणी पाळीची वाट पाहत कंटाळत नाही, अशा एका गोष्टीमागे किती संध्याकाळी खर्च होत असतील, हे मला आता समजते. आमच्या चाचणीला येणारी माणसे तोंडावर सांगतात की खेळ कंटाळवाणा आहे, आणि पुढच्या आठवड्यात सुधारलेली आवृत्ती खेळायला पुन्हा येतात. मायदेशी माझ्या माणसांनी त्याच खेळाचे तोंडभरून कौतुक केले आणि पेटी माळ्यावर ठेवून दिली. मला त्या टीकेची जास्त सवय झाली आहे, हे लिहिताना संकोच वाटतो.

तरीही याच टेबलावर कोणी लुडो हा जुना जर्मन खेळ असल्याचे सहज बोलून जातो, तेव्हा मी ताडकन उत्तर देते, आणि माझा आवाज घरच्या त्या पहिल्या पक्षाइतकाच चढलेला असतो. तिथे मी जर्मनांची बाजू घेते, इथे आपली घेते. दोन्हीकडे मी पाहुणीच ठरते. माझ्या छोट्याशा खेळाच्या पेटीवर माझे मराठी आडनाव ठळक छापलेले आहे, पण आतले नियम जर्मन आणि इंग्रजी असल्यामुळे माझ्या आईला तो खेळ माझ्याशिवाय उघडताही येत नाही.

त्या मुलाने मला त्याच्या खेळाचे नियम पाठवले आहेत. मुंबईच्या झैन मेमन यांच्या ‘शासन’ या राजकारणावरच्या खेळाला २०१९ साली लोकांनी आगाऊ पैसे देऊन उभे केले, तेव्हा मार्ग अगदीच बंद आहे असेही नाही. नियमांचा मसुदा चांगला आहे. दुसऱ्या फेरीत तो रेंगाळतो, ते मी त्याला कळवले आहे. घरच्यांना माझी विनंती एवढीच आहे, की वाद चालू ठेवायचा तर खुशाल ठेवावा, पण त्यातल्या चौघांनी एका संध्याकाळी त्याच्या टेबलाशी बसावे, तो खेळ शेवटपर्यंत खेळावा आणि कुठे कंटाळा आला ते त्याला तोंडावर सांगावे.