स्टोनहेंजची रेघ आणि योगायोग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मी लिहिलं होतं की इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचा अक्ष एका टोकाला जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या टोकाला डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे मुद्दाम रोखलेला आहे. तुमचे आक्षेप दोन. एवढे दगड असल्यावर कुठल्याही दोहोंतून रेघ ओढली तरी ती आकाशात कशाला ना कशाला भिडणारच, हा एक. संपातचलनाने (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो त्याने) साडेचार हजार वर्षांत आकाशच सरकलं, मग आजच्या सूर्योदयावरून तेव्हाचं काय सांगणार, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तो लवकर मिटतो. संपातचलनाने सरकतात ते तारे; सूर्योदयाची उत्तर-दक्षिण टोकं नव्हेत. ताऱ्यांवरून ठरणारी आपली संक्रांत १४ जानेवारीपर्यंत गेली, पण दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारासच. ती टोकं हलतात पृथ्वीच्या आसाचा कल बदलल्यावर. इ.स.पू. २५००च्या सुमारास तो साधारण २४ अंश होता, आज २३.४ आहे. स्टोनहेंजला यामुळे सूर्योदय क्षितिजावर जेमतेम एक अंश सरकला.

पहिला आक्षेप वजनदार आहे. खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६०च्या दशकात संगणकाला दगड-खड्ड्यांच्या जागा पुरवून सूर्यचंद्राच्या रेघांची रास काढली, तेव्हा पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी त्यांना चांगलंच झोडपलं होतं. ग्रहणं वर्तवणारं यंत्र वगैरे मलाही पटत नाही. पण मी लिहिलं ते अख्ख्या रचनेच्या अक्षाबद्दल. आतली नालाच्या आकाराची मांडणी ईशान्येला उघडते, ‘ॲव्हेन्यू’ हा बांधीव मार्ग तिथूनच बाहेर पडतो, आणि त्या बाजूचे दगड सर्वांत निगुतीने घडवलेले आहेत. शंभर रेघांतून आपण उचललेली ही एक नव्हे.

शिवाय या मार्गाने येणाऱ्याचं तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे डिसेंबरच्या सूर्यास्ताकडे असतं. (जूनच्या पहाटे तिथे जमणारी गर्दी बहुधा उलट्या दिशेला बघत असते!) तीनेक किलोमीटरवरच्या डरिंग्टन वॉल्स वस्तीत डुकरांची ढीगभर हाडं मिळाली. दातांवरून त्यातली बरीच नऊएक महिन्यांची ठरली. वसंतात जन्मली असतील तर कापली ऐन हिवाळ्यात. या पुराव्याला कुठलीच रेघ लागत नाही.

योगायोगच हवा असेल, तर तो जमिनीखाली आहे. २००८च्या उत्खननात ॲव्हेन्यूच्या तळाशी खडूच्या खडकात हिमयुगातल्या नैसर्गिक सऱ्या सापडल्या, नेमक्या याच दिशेने गेलेल्या. पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पिअर्सन यांच्या मते ही जागा निवडली गेली ती त्यामुळेच. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र तुमच्या प्रतिक्रियेवर हेच सर्वांत चोख उत्तर वाटतं.