ग्रिड झ्युरिकची, मजकूर आपला : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

स्विस ग्राफिक डिझाइनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : झ्युरिकचे डिझाइनर योसेफ म्युलर-ब्रोकमान आणि ग्रिडवर, म्हणजे पानाच्या आखीव चौकटीवर, मांडणी करणाऱ्या त्यांच्या पिढीचं मी भरभरून कौतुक केलं, पण आज बँकेचं ॲप, दवाखान्याची वेबसाइट आणि महागड्या कपड्यांचा लोगो हे सगळं एकसारखं दिसतं ते याच मंडळींमुळे. स्वतःला तटस्थ म्हणवणारी ही थंड शैली मुळात बड्या कंपन्यांची भाषा होती. आणि पोथ्यांपासून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यापर्यंतची परंपरा घरात असताना मराठी विद्यार्थ्यांना झ्युरिककडे बघायला सांगणं हा न्यूनगंड आहे. तुम्ही स्वतः उपयोजित कला शिकवता, हेल्व्हेटिका या स्विस टाइपात बुडालेल्या असाइनमेंट्स वर्षानुवर्षं तपासता. त्यामुळे ही तक्रार मी गंभीरपणे घेतो.

कंपन्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमच्या बाजूनं पुरावा भरपूर आहे. बाझलच्या गायगी या रसायन आणि औषध कंपनीचा डिझाइन विभाग १९५० आणि ६०च्या दशकांत या शैलीचं मोठं केंद्र होता. डीडीटी कीटकांना मारतं हे याच कंपनीतल्या पाउल म्युलर यांनी शोधलं आणि त्यासाठी त्यांना १९४८चं नोबेल मिळालं. डीडीटी जगभर पोचवणाऱ्या कंपनीची माहितीपत्रकं आज डिझाइनच्या वर्गांत आदर्श म्हणून दाखवली जातात. म्युलर-ब्रोकमान स्वतः १९६६पासून आयबीएमचे युरोपातले डिझाइन सल्लागार होते. न्यूयॉर्कच्या डिझाइनर पॉला शेर यांनी तर हेल्व्हेटिकाचा संबंध थेट व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या बड्या कंपन्यांशी जोडला.

तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार मात्र त्याहून जुना आहे. जर्मन अक्षररचनाकार यान चिहोल्ड यांनी १९२८ साली नव्या अक्षररचनेचा जाहीरनामाच म्हणावा असं पुस्तक लिहिलं. १९३३मध्ये नाझींनी त्यांना अटक केली, सुटल्यावर ते बाझलला आले. पुढे त्यांनी स्वतःच ती वाट सोडली आणि ते सेरिफ (टोकांना बारीक रेघा असलेली) अक्षरं व मधोमध बसवलेल्या जुन्या मांडणीकडे वळले. १९४६ साली स्विस डिझाइनर मॅक्स बिल यांनी त्यावरून त्यांच्यावर टीका केली, तेव्हा चिहोल्ड यांनी दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. एकच मार्ग बरोबर, बाकी सगळे चूक, या आग्रहात त्यांना त्याच हुकूमशाही मनोवृत्तीची सावली दिसत होती, जिच्यापासून ते पळून आले होते. म्हणजे तुमचा आक्षेप या चळवळीच्या जन्मापासून तिच्या घरातच आहे. तटस्थतेच्या दाव्याची बाजू मी घेणार नाही. कुठलंही अक्षर तटस्थ नसतं.

पण 'थंड' हा शब्द मला मान्य नाही. १९५३ सालचं म्युलर-ब्रोकमान यांचं 'मुलांना जपा' हे पोस्टर आठवा. स्विस ऑटोमोबाइल क्लबसाठी केलेलं. पुढ्यात प्रचंड मोटरसायकल, पलीकडे धावणारं एवढंसं पोर. सगळा अर्थ त्या दोन आकारांमधल्या तफावतीत आहे. रडणारी आई नाही, रक्त नाही, उपदेश नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पोटात गोळा यावा इतकंच. हे पोस्टर ज्यानं केलं त्या माणसाला मजकुराबद्दल, आणि मजकुरातल्या मुलाबद्दल, काही वाटत होतं. हा माणूस सुरुवातीला चित्रं काढायचा, रंगमंचाची नेपथ्यं करायचा. हात उत्तम चालत असताना त्यानं स्वतःच्या हाताची ऐट बाजूला ठेवली. हा निर्णय मला आजही मोठा वाटतो.

आता सारखेपणा. इथे मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. २०१८मध्ये बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीनं आपली जुनी अक्षरं टाकून जाड, साधी सॅन्स सेरिफ कॅपिटल्स घेतली आणि २०२३मध्ये पुन्हा जुन्या वळणाकडे गेली. त्याच काळात एकापाठोपाठ एक फॅशन कंपन्यांनी हेच केलं. यातली कुठली पद्धत झ्युरिकहून आली? आला तो फक्त पोशाख. ॲपचंही तेच. १९५७ साली हास या टाइप ओतणाऱ्या स्विस कारखान्यात माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड होफमान यांनी घडवलेलं आणि १९६०मध्ये हेल्व्हेटिका हे नाव मिळालेलं अक्षर २००७च्या पहिल्याच आयफोनवर आलं. पुढच्या काही वर्षांत वेबसाइट बांधणाऱ्यांच्या हातात बारा स्तंभांचे तयार साचे पोचले. साचा आयता, घटक आयते, मुदत उद्याची. मजकूर अजून लिहिला गेलेला नसतो आणि त्याची चौकट मात्र आधीच ठरलेली असते.

म्युलर-ब्रोकमान यांची ग्रिड याच्या बरोबर उलट दिशेनं चालते. आधी मजकूर किती, चित्रं किती, त्यांच्या ओळी किती लांब, टिपा कुठे, वाचणारा उभा राहून वाचणार की बसून, हे सगळं. मग अक्षराचा आकार, त्यावरून ओळीची लांबी, त्यावरून स्तंभाची रुंदी. चौकट सगळ्यात शेवटी. १९८१च्या त्यांच्या ग्रिडवरच्या पुस्तकात त्यांनी स्वच्छ सांगितलंय की ग्रिड ही मदत आहे, हमी नव्हे. शिवाय त्यांची सगळ्यात गाजलेली कामं चौकोनांच्या जाळीसारखी दिसतही नाहीत. झ्युरिकच्या टोनहाले सभागृहासाठी १९५५ साली केलेल्या बेथोवेनच्या पोस्टरवर एका केंद्राभोवती फिरणाऱ्या कमानी आहेत, आणि आतून बाहेर जाताना पट्ट्यांची जाडी पटीपटीनं वाढत जाते. गणित कडक आहे, पण बघताना ऐकू येतं ते संगीतच. तिकडे बाझलमध्ये आर्मिन होफमान यांनी १९५९ साली 'जिझेल' या बॅलेसाठी केलेलं पोस्टर बघा : फिरत्या नर्तिकेचं पुसट छायाचित्र आणि शेजारी उभं केलेलं स्थिर नाव. एकच देश, एकच दशक, एकच शैली म्हणतात ती, आणि ही दोन कामं एकमेकांसारखी अजिबात नाहीत. त्याच बाझलच्या शाळेत १९६८पासून वोल्फगांग वाइनगार्ट शिकवायला लागले आणि त्यांनी सगळे नियम उलटेपालटे केले. त्यांना बोलावलं होतं ते तिथले जुने शिक्षक होफमान आणि एमिल रुडर यांनीच. तिथे शिकलेल्या डिझाइनर एप्रिल ग्रायमन अमेरिकेला परत गेल्या आणि संगणकावरच्या प्रयोगांची एक वेगळीच दिशा त्यांनी उघडली. सारखेपणा शिकवणाऱ्या शाळेतून हे घडत नाही.

मूळ लेखात एक गोष्ट मी ओझरती सांगितली होती, तिच्यावर आज थांबतो, कारण तुमच्या न्यूनगंडाच्या आरोपाचं उत्तर तिथेच आहे. ही पद्धत नेमकी स्वित्झर्लंडमध्येच का रुजली? बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा वारसा, युद्धातली तटस्थता, उत्तम छापखाने ही कारणं नेहमी दिली जातात आणि ती खरी आहेत. पण मला सगळ्यात वजनदार वाटतं ते भाषांचं. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि १९३८पासून राष्ट्रीय भाषा ठरलेली रोमान्श. सरकारी सूचना असो, औषधाच्या डबीतला कागद असो की रेल्वेची पाटी, तोच मजकूर दोन-तीन भाषांत शेजारी शेजारी बसवायचा. जर्मन शब्द लांबलचक, फ्रेंच वाक्य ऐसपैस. एकीला मोठं अक्षर आणि दुसरीला तळाशी बारीक असं केलं, तर तो नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, नागरिकाच्या मानाचा होतो. १९५८ ते १९६५ या काळात म्युलर-ब्रोकमान, रिचर्ड पाउल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो व्हिव्हारेली या चौघांनी 'नॉये ग्राफिक' हे नियतकालिक चालवलं. १८ अंक निघाले, आणि जर्मन, इंग्रजी व फ्रेंच मजकूर त्यात बरोबरीनं चालतो. ग्रिडवरचं ते १९८१चं पुस्तकही जर्मन आणि इंग्रजीत एकत्रच छापलेलं आहे. अनेक भाषा एका पानावर नांदवण्याची गरज या पद्धतीच्या मुळाशी आहे असं मी मानतो.

आणि सर, ही गरज महाराष्ट्राइतकी कुणाला आहे? मुंबईच्या कुठल्याही स्टेशनवर नाव तीनदा लिहिलेलं असतं : मराठी, हिंदी, इंग्रजी. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. हेतू योग्यच आहे. पण रस्त्यावर फिरून बघा, काय झालंय ते. इंग्रजी नाव नीट विचार करून काढलेलं, आणि मराठी नाव त्याच उंचीत बसावं म्हणून वरून दाबलेलं किंवा आडवं ताणलेलं. वेलांटी शिरोरेषेला चिकटते, उकार कापला जातो. पट्टी लावून मोजलं तर उंची समान. वाचायला गेलं तर मराठी दुय्यम.

कारण उघड आहे. रोमन कॅपिटल अक्षरं वरखाली काहीच बाहेर काढत नाहीत. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. एकूण उंची तीच ठेवली तर अक्षराच्या मुख्य अंगाला जागा कमी उरते. मी मराठी-इंग्रजी पुस्तकं लावतो तेव्हा इंग्रजी १० पॉइंटला (पॉइंट हे टाइपाचं माप) असेल तर मराठी १२च्या आसपास घेतो, आणि ओळींमधलं अंतर १७-१८ पॉइंटपर्यंत नेतो. फाँटप्रमाणे हे बदलतं. आणखी एक गोष्ट. रोमन ओळ तळरेषेवर उभी असते, आपली ओळ शिरोरेषेला लटकते. शेजारच्या स्तंभात इंग्रजी असेल आणि तळरेषा जुळवत बसलो, तर मराठी डोळ्याला वरखाली झाल्यासारखी दिसते. म्हणून ग्रिडमधली मोजणी मी शिरोरेषेपासून धरतो आणि इंग्रजीला तिच्याशी जुळवून घ्यायला लावतो. झ्युरिकचं कुठलंही पुस्तक हे सांगत नाही, सांगू शकत नाही. पण आधी मजकुराची मापं घ्या आणि मग चौकट आखा ही शिस्त मी तिथूनच घेतली, आणि ती घेतली म्हणूनच आयते रोमन साचे मराठीला का चावतात ते मला उमगलं.

परंपरेबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून आनंद झाला, पण तुम्ही तिला स्विस पद्धतीच्या विरोधात उभं करता ते पटत नाही. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची पानं काढून बघा. वर मूळ श्लोक मोठ्या टाइपात, खाली टीका लहान टाइपात, कधी एकाच पानावर एकाहून अधिक टीका, तळाला पाठभेद. जावजी दादाजींचा छापखाना आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेली अक्षरं यांनी एकोणिसाव्या शतकात जे साधलं, ती मजकुराच्या पायऱ्या ओळखून केलेली मांडणीच आहे. सार्थ ज्ञानेश्वरीत ओवी ठळक आणि अर्थ खाली लहान अक्षरांत हेही तेच. पोथीत तांबड्या रेघांनी आखलेला समासही तेच. हे सगळं म्युलर-ब्रोकमान यांना दाखवलं असतं तर त्यांनी ते परकं मानलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

आणि देवाणघेवाण कल्पनेतली नाही. आर्मिन होफमान १९६५ साली अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवायला आले होते. युनिव्हर्स या टाइपाचे कर्ते आद्रियान फ्रुटिगर हेही साठच्या दशकात तिथे येऊन देवनागरीवर काम करून गेले, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या महेंद्र पटेल यांनी पुढे अनेक वर्षं तिथे अक्षररचना शिकवली. मुंबईत र. कृ. जोशी वेगळ्या वाटेनं गेले. कवी, सुलेखनकार, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागातले शिक्षक. देवनागरी तिच्या बोरूच्या वळणातून समजून घ्यायची हा त्यांचा आग्रह होता, आणि विंडोजमधला 'मंगल' हा फाँटही त्यांचाच. आज मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मुक्त' हा फाँट वापरताना मला हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात : साधी, एकसमान जाडीची अक्षरं, आणि तरीही देवनागरीची स्वतःची ठेवण.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग वर्गात शिकवू काय? माझी सूचना आहे ती अशी. हेल्व्हेटिकावर सत्रभर बंदी घाला, हवं तर सगळ्याच रोमन अक्षरांवर पहिले काही आठवडे घाला. विद्यार्थ्यांना एसटीच्या वेळापत्रकाचा किंवा औषधाच्या पाकिटातल्या सूचनांचा खरा मजकूर द्या. आधी फक्त मराठी. स्तंभ, अंतरं, टाइपाचे आकार त्या मराठी मजकुरावरून ठरवून घ्या आणि ते का ठरवले ते लिहून घ्या. मग त्याच पानावर हिंदी आणि इंग्रजी आणायला सांगा, मराठीचं एकही माप न बदलता. त्यानंतर 'नॉये ग्राफिक'ची पानं दाखवा. तुम्ही हे केलंत तर मुलांची पानं मला नक्की पाठवा. त्यांची परवानगी असेल तर इथे छापायला मला आवडेल, तुमच्या टिप्पण्यांसकट.