नवतपा आणि दीड इंची जावई

नागपुरात घरी झिंगे पाळलेत म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, "सावजी करता का?" अहो, चेरी श्रिंप म्हणजे काचेच्या टाकीत हौसेने पाळायचा लाल झिंगा, जीव जेमतेम इंच-दीड इंच. आख्खी टाकी उपसली तरी एका प्लेटीच्या तर्रीला पुरायचा नाही. नखरे मात्र जावयाचे, आणि मुक्काम बारमाही.

याला पाणी लागतं २२ ते २६ अंशांचं. २८ पर्यंत तोंड वाकडं करून चालवून घेतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, बाहेर ४५ आणि कूलरच्या खोलीतही तिशी पार. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि उकाड्यात याला तो नेमका जास्त हवा असतो. बर्फाचे खडे टाकू नका. असा एकदम गारवा त्याला उन्हापेक्षा वाईट. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा तिरपा लावायचा. बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात. खिडक्या बंद ठेवून कूलर लावला तर मात्र हवा दमट होते आणि पंखा नुसता गरगरतो. कूलर कोणाकडे तोंड करून ठेवायचा, हे भांडण घरोघरी असतंच. आमच्याकडे त्यात साठ लाल उमेदवार जास्तीचे.

पंख्याने ५० लिटरच्या टाकीतून रोज लिटर-दीड लिटर सहज उडतं. उडतं ते पाणी, क्षार जागच्या जागी. वर नळाचं पाणी ओतत राहिलात तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, महिन्याभरात दोनशेवरून चारशेकडे. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याला दहा टक्के बदल क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्याने, तोही थेंबाथेंबाने. घाई केली तर कात टाकताना झिंगा अडकतो, पाठीवर पांढरं कडं दिसतं आणि खेळ खलास.

कात पाहून नवशिके रडतात. ती पोकळ, काचेसारखी. मेलेला झिंगा गुलाबी, धुरकट. कात राहू द्या, ते स्वतःच खातात.

सगळं जमलं की मादीच्या पोटाखाली वीस-तीस पिवळट अंडी लोंबतात. तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी त्यांना वारा घालत बसते. वीज गेली तरी तिचा पंखा चालू! पिल्लं दोन मिलिमीटरची, म्हणून फिल्टर स्पंजचाच. दुसरा त्यांना ओढून घेतो. टाकीत मासा नको, जावा मॉस हे पाणशेवाळ भरपूर हवं.

आता घरातला खरा वैरी. कूलरच्या टाकीत डास होतात, डासांवर फवारा येतो, आणि एअर पंप ती हवा थेट पाण्यात सोडतो. माणसाला शिंकही न येणाऱ्या फवाऱ्याने झिंगे तासाभरात आडवे. त्यामुळे गल्लीत धूरफवारणीची गाडी घरघरली की आधी पंप बंद, मग टाकीवर प्लास्टिक, मग खिडक्या, आणि वेळ उरलाच तर घरातली माणसं.