आत्याचे ‘गो’

मे महिन्यात नागपूरकराने दुपारी कूलरसमोर आडवे पडावे आणि ऊन उतरल्याशिवाय कोणाच्याही घरी जाऊ नये, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. परंतु अमेरिकेतल्या नातवाशी इंग्रजीत बोलायचे आत्याने मनावर घेतल्यापासून माझ्या दुपारी महाल भागातल्या तिच्या माजघरात खर्ची पडत आहेत. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या आत्याला नुसता अर्थ सांगून भागत नाही. तिला धातू लागतो, रूपे लागतात आणि नियमही लागतो. ‘जाणे’ या क्रियापदापासून सुरुवात करायची, असे तिनेच फर्मावले. तिने ‘रन’ मागितले नाही हे माझे नशीब, कारण ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजून ठेवले आहेत.

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा, हा अर्थातच पहिला प्रश्न. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचे रूप असून ‘गो’चे स्वतःचे जुने रूप मागे पडल्यावर इंग्रजीने ते कायमचे दत्तक घेतले, हे मी मोठ्या ऐटीत सांगितले. आत्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “त्यात काय नवल? आपलं ‘जातो’ आहे ‘या’ धातूचं, अन् ‘गेला’ आला ‘गत’वरून, म्हणजे ‘गम्’चा. शाळेत काय करत होता बाप्पा तू?”

‘गो ऑफ’पाशी मात्र तिचा संयम सुटला. गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला, दिवा झाला म्हणजे विझला, बॉम्ब झाला म्हणजे फुटला आणि विलायतेत दूध झाले म्हणजे नासले, हे सारे तिने जुन्या डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि पेन खाली ठेवले. “वाजलं अन् विझलं एकाच शब्दात सांगतात, तर ऐकणाऱ्यानं समजायचं काय?” नेमकी त्याच वेळी लाइन गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि ताट्यांवरून ओघळणारे पाणी तेवढे टपटपत राहिले. “हे गो ऑफ?” मी मान हलवली. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरने भार न सोसून कर्कश पिपाणी सुरू केली. “अन् हे?” मी पुन्हा मान हलवली. आत्याने डायरी मिटली.

न्यायाने बोलायचे तर आपले ‘जाणे’ही काही साधेसुधे नाही. भिंतीला तडा जातो, माणसाचा तोल जातो, वर्धा रोड जागचा न हलता वर्ध्याला जातो, आणि सुनेला दिवस गेले की सासूच्या तोंडावर हसू येते. हे मी आत्यासमोर बोललो नाही, कारण तिचा मोर्चा तोवर ‘आय ॲम गोइंग’कडे वळला होता. तिचे नागपुरी भाषांतर तयारच होते, “मी जाऊन राहिली.” पुण्यामुंबईची मंडळी आमच्या या ‘राहण्या’ला हसतात, पण इंग्रजांना जागच्या जागी बिघडणाऱ्या दुधालाही ‘गो’ लागत असेल, तर बर्डीला निघालेल्या बाईने ‘राहणे’ वापरायला कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही.

एका संध्याकाळी नातू फोनवर म्हणाला, “डॅड इज गॉन.” आत्या मटकन खाली बसली. चिरंजीव भाजी आणायला गेले आहेत, हे कळेपर्यंत तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग ‘हॅज गॉन’ म्हणजे गेलेला माणूस अजून तिकडेच आहे आणि ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन परतही आला आहे, हा फरक मी समजावून सांगितला. “मग त्याला सांग, ‘बीन’च म्हणत जा,” आत्याने निकाल दिला.

पण खरी अडचण फोन ठेवताना येते. पोरगा म्हणतो, “आय हॅव टू गो.” निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, या नियमाला आत्याच्या घरात अपवाद नाही. व्याकरण काय म्हणते ते मी परोपरीने सांगून पाहिले, पण आजीने नातवाकडून घोकून घ्यायचे ते घेतलेच. परवा वहिनीचा फोन आला. “भाऊजी, आईंना तुम्ही काय शिकवून राहिले? हा शाळेतून निघताना बाईंना ‘आय हॅव टू कम’ म्हणते, अन् बाई त्याला पुन्हा वर्गात बसवते!”